वायरी काढल्यानंतरचा आवाज

शनिवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी त्याने टीव्हीच्या मागच्या सगळ्या वायरी उपटून काढल्या, आणि आवाज थांबला नाही. आवाज बारीक होता, सलग होता आणि डाव्या बाजूने येत होता. शेगडीची कळ फिरवल्यावर, जाळ धरण्याआधी सूं असा जो येतो, तसा. टीव्ही बंद होता. त्याच्या शेजारचा गेमचा डबा बंद होता. दोन्ही स्पीकरच्या पिना फरशीवर पडल्या होत्या. भिंतीवरचं बटण त्याने स्वतः खाली केलं होतं. तरी खात्री करावी म्हणून तो स्वयंपाकघरात गेला, फ्रिजचा प्लग काढला, परत येऊन टीव्हीसमोर मांडी घालून बसला आणि वाट बघितली. आवाज स्वयंपाकघरात जेवढा होता तेवढाच इथे होता. मधल्या आठ पावलांतही तेवढाच होता. जवळ गेल्यावर वाढत नाही आणि लांब गेल्यावर कमी होत नाही असा आवाज त्याने चोवीस वर्षांच्या नोकरीत ऐकला नव्हता.

तो पाणीपुरवठा खात्यात होता आणि जमिनीखालची गळती ऐकणं हे त्याचं काम होतं. खात्याच्या कागदांवर त्याच्या पदाचं नाव लांबलचक होतं. खोदणाऱ्या टोळीतली माणसं त्याला सरळ कानसाहेब म्हणत. सकाळी पाच ते आठ, रस्त्यावर गाड्या वाढायच्या आत, तो नळाच्या रेषेवरून चालायचा. हातात चार फुटी पोलादी सळई, तिच्या वरच्या टोकाला पितळेची वाटी. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटी कानाला लावायची, श्वास धरायचा. खाली पाणी सुटत असेल तर ते सळईतून वर येतं. दोन पावलं पुढे, परत टेकवायची. जिथे सर्वांत मोठं येईल तिथे पिवळ्या रंगाने फुली मारायची. फुलीवर टोळी खोदते. वाटी तो नेहमी डाव्या कानाला लावायचा, कारण उजव्या हातात पेन्सिल असते; त्याला शिकवणाऱ्या जुन्या माणसाने तसंच शिकवलं होतं आणि त्यालाही कुणीतरी तसंच शिकवलं असणार. शंका आली तर एक साधी रीत होती. व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पुन्हा ऐकायचं. आवाज थांबला तर गळती. नाही थांबला तर तो दुसऱ्या कशाचा तरी आहे, खोदू नका. आज त्याने घरात नेमकं तेच केलं होतं, आणि करून झाल्यावरच आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं होतं.

सूं पहिल्यांदा घरात आला तो तीन आठवड्यांपूर्वी, असं तो आत्तापर्यंत धरून चालला होता. डबा मुलीचा होता. चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना तिने तो मागे ठेवला, कारण तिच्या खोलीत टीव्ही नव्हता, आणि महिन्याभरात तो आजीचा झाला. सासूबाई एकच खेळ खेळायच्या, गाड्यांच्या शर्यतीचा, आणि शर्यत कधीच पूर्ण करायच्या नाहीत. शिट्टी वाजली की बाकीच्या गाड्या पुढे जायच्या. यांची निळी गाडी वळून उलट दिशेने निघायची, कुंपणाच्या एका फटीतून बाहेर पडायची आणि तळ्याकाठच्या रस्त्याला लागायची. पडद्यावर लाल अक्षरांत दिशा चुकल्याचा इशारा लुकलुकत राहायचा. त्या म्हणायच्या, त्यांना काय सांगायचंय ते सांगू दे. कानातलं यंत्र त्या आधी काढून वाटीत ठेवायच्या, कारण डोंगर बघायला आवाज लागत नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी तो त्यांच्या शेजारी बसला होता आणि त्याला डावीकडच्या स्पीकरमधून सूं ऐकू आला, तेव्हा त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्याने बायकोला विचारलं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि बाहेरून आल्यावर आधी कोपरापर्यंत हात धुवायची. हात पुसत ती दारात उभी राहिली, ऐकलं, म्हणाली मला तर काही नाही येत. याचं त्याला नवल वाटलं नाही. इतरांना येत नाही ते त्याला येतं, म्हणूनच खातं त्याला पगार देतं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने वरच्या मजल्यावरचा नळ गळतोय असं सांगितलं होतं, तिने वेड्यात काढलं होतं, आणि चौथ्या दिवशी छताला ओल आली होती. तेव्हापासून घरात कुणी त्याच्या कानाशी वाद घालत नसे. आता वायरींचा पसारा मांडीवर घेऊन बसलेला असताना त्याला वाटलं की तेव्हा, त्या छताच्या वेळी, आपण चुकलो असतो तर बरं झालं असतं.

फोनवर मुलीने हसून सांगितलं होतं, "बाबा, ती पिवळी पिन म्हणजे दगडी युग आहे. फेकून द्या." पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची; तीन तारा एकमेकींना चिकटून, केसाएवढ्या बारीक, डब्याबरोबर फुकट आलेल्या. एका पिवळ्या तारेतून सगळे रंग कोंबून पाठवतात, म्हणून आजीला सगळं धुक्यातून दिसतं, आणि आवाजाच्या तारांना धड कवच नाही, म्हणून शेजारच्या विजेची घरघर आत शिरते. पाच तोंडांची वायर मिळते, ती घ्या. तो शुक्रवारी काम संपल्यावर दुकानात गेला. दुकानदार सावकाश बोलणारा, चष्मा कपाळावर ठेवलेला माणूस होता. त्याने याची जुनी वायर हातात घेतली, परवानगी न विचारता पात्याने चिरली आणि आतली जाळी बोटाने फाकवून दाखवली. "मोजा," तो म्हणाला. "आठ तारा. याला कवच म्हणायचं म्हणजे मच्छरदाणीला भिंत म्हणण्यासारखं आहे." मग नवी उघडून दाखवली, तिच्यात दाट विणलेली तांब्याची जाळी, वर चंदेरी पापुद्रा, टोकं दाबून बसवलेली. सूं जाईल का, असं त्याने विचारलं. दुकानदार म्हणाला, वायरीचा असेल तर जाईल. हे वाक्य त्याने तेव्हा ऐकलं, पण दुकानदार लोक बोलतात त्यातलं एक म्हणून सोडून दिलं. त्याला ती जाळी आवडली होती. नळाचं पाणी बाहेर जातं आणि वायरीत बाहेरचं आत येतं, एवढाच फरक. बाकी दोघांचं काम एकच, असं वाटून रस्ताभर त्याला बरं वाटत होतं.

शनिवारी बायको अर्ध्या दिवसासाठी कामावर गेल्यावर त्याने टीव्ही भिंतीपासून पुढे ओढला. मागे चार वर्षांची धूळ होती. नव्या वायरीत लाल पिना दोन होत्या, एक चित्राची आणि एक आवाजाची, आणि पहिल्यांदा त्याने त्या उलट लावल्या; पडद्यावरचे डोंगर हिरवेनिळे झाले आणि उजव्या स्पीकरमधून भर्र असा आवाज निघाला. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. त्यांनी विचारलं की डोंगर आजारी पडलेत का. त्याने पिना बदलल्या. चित्र असं स्वच्छ आलं की तो स्वतःच दोन क्षण बघत राहिला. भर्र गेलं. सूं राहिला. मग त्याने आवाजाची लाल आणि पांढरी आपसात बदलली. दोष वायरीत असता तर तो आता उजवीकडे गेला असता. तो डावीकडेच राहिला. म्हणजे वायर नाही, स्पीकर. त्याने दोन्ही स्पीकर उचलून जागा बदलली. डावीकडेच. म्हणजे स्पीकर नाही. त्याने आवाज पूर्ण खाली केला, मग टीव्ही बंद केला, मग डबा, मग बटण, मग एकेक पिन. काम करताना त्याचे हात शांत होते. हातांना काही समजलेलं नव्हतं.

सव्वा महिन्यात दोन खड्डे कोरडे गेले होते. पहिला एका शाळेच्या मागच्या भिंतीजवळ, दुसरा धोबीखान्यासमोर. त्याआधीचा कोरडा खड्डा अकरा वर्षांपूर्वीचा होता आणि त्याची अजून चेष्टा व्हायची. शाळेमागे टोळीने सहा फूट खोदलं, नळ उघडा केला, कपड्याने पुसला. नळ ठणठणीत होता, घाम सुद्धा नव्हता. टोळीचा नाईक खड्ड्यातून वर बघत म्हणाला, "कानसाहेब, झोप झाली नाही वाटतं." सगळे हसले, तोही हसला. धोबीखान्यासमोर कुणी हसलं नाही. व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा ऐकायची रीत दोन्ही वेळा राहून गेली होती. शाळेजवळ उशीर झाला होता, मुलं यायला लागली होती. धोबीखान्याच्या मालकाने पाणी बंद करायला नको म्हटलं होतं. आणि खरं सांगायचं तर गरज वाटली नव्हती, कारण आवाज इतका स्पष्ट होता; सळई टेकवल्यावर इतका भरदार सूं त्याने क्वचितच ऐकला होता. आता त्याला आठवत होतं की त्या दिवशी दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे, सगळीकडे तो सारखाच होता. तेव्हा त्याने याचा अर्थ गळती मोठी आहे असा लावला होता. आणि काल, शुक्रवारी सकाळी, दुकानात जाण्याच्या आधी, त्याने तिसरी फुली मारली होती. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं रक्त यंत्रावर धुऊन देतात त्या केंद्राच्या दारापासून नऊ पावलांवर. त्या रस्त्यावर पाण्याचा दाब तीन आठवडे घसरत होता, गळती कुठेतरी नक्की होती. व्हॉल्व्ह गंजून बसला होता, फिरला नाही. सोमवारी सात वाजता खोदायचं ठरलं होतं. खोदण्यासाठी रस्त्याचं पाणी मागच्या चौकातून सहा तास बंद राहणार होतं, आणि केंद्राने त्या दिवशीचे सकाळचे रुग्ण दुपारवर ढकलले होते.

सासूबाईंनी वाटीतलं यंत्र उचलून कानात घातलं. तो हे बघत नव्हता; तो डाव्या कानावर तळवा दाबत होता आणि सोडत होता, दाबत होता आणि सोडत होता. दाबल्यावर सूं वाढायचा.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

त्याने वायरीत काहीतरी बिघाड आहे असं सांगितलं. त्या म्हणाल्या वायरी तर तुमच्या मांडीवर आहेत. मग खुर्चीतून उठल्या, त्यांना उठायला वेळ लागायचा, त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि डोळे मिटा म्हणाल्या. त्याला हसू आलं. या बाईने त्याला पंचवीस वर्षांत कधी हात लावला नव्हता. आता तिची बोटं त्याच्या गालाच्या जवळ कुठेतरी होती, त्यांची ऊब जाणवत होती.

"ऐकू आलं?"

"काय?"

"चुटकी वाजवली."

"नाही. वाजवा ना."

"दोनदा वाजवली, जावईबापू."

त्यांनी दुसऱ्या बाजूला वाजवली. ती त्याला भिंतीवर काठी मारावी तशी ऐकू आली. त्याने डोळे उघडले. त्या परत खुर्चीकडे गेल्या आणि मग त्यांनी जे सांगितलं ते सांगताना त्या बहुतेक वेळ पडद्याकडेच बघत होत्या, जरी पडदा काळा होता. सात वर्षं त्यांना वाटत होतं की शेजारणीचा पंखा घुमतोय. दुपारी भिंतीवर मूठ आपटायच्या. शेजारीण बिचारी बंद करायची, यांना यायचाच. मोठं भांडण झालं, सोसायटीच्या चेअरमनपर्यंत गेलं, आणि एक दिवस त्या बाईने शिडी आणून, पंखा उतरवून यांच्या दारात आणून ठेवला. हा घ्या, म्हणाली. "मी तो पंखा समोर बघत होते," सासूबाई म्हणाल्या, "त्याची पाती मी हाताने धरली होती, आणि तो घुमत होता. माफी मागितली नाही मी. आत्ता सांगतेय तुम्हाला. मागायला हवी होती." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या की महिनाभर तुम्ही फोन उजव्या हाताने धरताय, आणि जेवताना मुलीची आई डावीकडून बोलली तर हसता, उत्तर देत नाही. बहिऱ्या माणसाला बहिरा माणूस कळतो. तुम्ही हसायला लागलात तेव्हाच मला कळलं. मग का नाही सांगितलंत, असं त्याने विचारलं. "तुमच्या कानाबद्दल मी सांगायचं?" त्या म्हणाल्या. "या घरात?"

फ्रिज पुन्हा लावायचा राहिला होता, ते त्यांनीच लक्षात आणून दिलं. तो उठला, फ्रिज लावला, मग त्याने पाचही पिना परत जागच्या जागी बसवल्या, या वेळी न चुकता, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सासूबाईंची निळी गाडी शिट्टीनंतर वळली, फटीतून निघाली, तळ्याकाठी आली आणि थांबली. त्या पुढे वाकल्या. तळ्याच्या काठावर एक खुंट होता, चार वर्षं त्या त्याच्या बाजूने गाडी नेत होत्या. तो खुंट नव्हता. गुडघे जवळ घेऊन बसलेला एक माणूस होता. त्याला टोपी होती, गळपट्टा होता, आणि पुढे धरलेली मासे धरायची काठी होती, जी पिवळ्या वायरीतून कधी पोहोचलीच नव्हती. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "हा किती दिवस बसलाय." त्याने बघितलं. त्याला चित्रात रस वाटला नाही. तो शाळेमागच्या खड्ड्यातला कपड्याने पुसलेला नळ बघत होता.

दुपारभर तो खाटेवर उजव्या कुशीवर पडून राहिला, म्हणजे चांगला कान उशीत गेला आणि फक्त सूं उरला. त्याला हिशेब लावायचा होता आणि तो लागत नव्हता. मागच्या तीन महिन्यांत त्याने चौदा फुल्या मारल्या होत्या. अकरांवर पाणी लागलं, दोन कोरड्या, एक बाकी. म्हणजे अकरा वेळा त्याने पाणी ऐकलं होतं. की अकरा वेळा स्वतःला ऐकलं, आणि खाली योगायोगाने पाणी होतं? दाब घसरलेल्या, जुने नळ असलेल्या रस्त्यावर कुठेही खोदलं तर चारपैकी एकदा काही ना काही ओलं लागतंच, हे टोळीतल्या नवख्यालाही माहीत असतं. पण अकरा. शिवाय ज्या रस्त्यांवर त्याने काही नाही म्हणून लिहिलं होतं, तिथे काय होतं? सूं कधी सुरू झाला? तीन आठवड्यांपूर्वी नाही. शाळेचा खड्डा त्याच्याही आधीचा. थंडीच्या दिवसांत एकदा सळई लावली असताना डावीकडे टपकन काहीतरी बंद झाल्यासारखं झालं होतं, कान बसतो तसं, आणि त्याने जांभई देऊन ते सोडवायचा प्रयत्न केला होता. सुटलं की नाही ते त्याला आठवेना. जुन्या माणसाने, ज्याने त्याला शिकवलं, त्याने पहिल्याच दिवशी त्याला एका गळक्या नळाजवळ उभं करून अर्धा तास नुसतं ऐकायला लावलं होतं. पाण्याचा आवाज सलग वाटतो, पण सलग नसतो, तो म्हणाला होता; नीट ऐक, पाणी अडखळतं. त्यात दगड येतो, हवा येते, वर कुणीतरी नळ उघडतं. त्याने ऐकलं होतं आणि ते अडखळणं त्याला सापडलं होतं, आणि त्या सकाळी त्याला वाटलं होतं की आपल्याला आयुष्यभराचं काम मिळालं. आता तो उशीत पडून स्वतःच्या डोक्यातला सूं ऐकत होता, अडखळतोय का ते शोधत होता. तो अडखळत नव्हता. पण काल सकाळचा अडखळत होता का, ते त्याला आठवत नव्हतं. काल त्याने ते ऐकलंच नव्हतं. आवाज आला, फुली मारली. गेली कित्येक वर्षं तो असंच करत असावा, आणि कान चांगला होता म्हणून ते निभावत होतं.

बायको तीन वाजता आली, हात धुतले, ऐकून घेतलं आणि खाटेच्या कडेला बसली. ती बसताना उजवीकडे बसली, आणि तिने हे ठरवून केलं की आपोआप हे त्याला कळलं नाही. अहवाल आल्याशिवाय आजार नसतो हे तिचं नेहमीचं म्हणणं होतं. तिने सोमवारी अकराची वेळ घेतली, एका डॉक्टरांचा फोन तिच्याकडे होता. मग म्हणाली की ऑफिसला अहवालानंतर सांग. त्याने विचारलं, आणि सोमवारचा खड्डा? पाण्यासाठी थांबलेल्या रुग्णांची रक्तं तिच्याच टेबलावर येत होती, ते दोघांनाही माहीत होतं. ती म्हणाली, "त्या खुर्चीत तुझ्याच्याने बसवणार नाही." तिला टेबलावरचं काम म्हणायचं होतं, ज्यांचे कान किंवा गुडघे जातात त्यांना खातं देतं ते, तक्रारी वाचून रस्त्यांप्रमाणे लावायच्या. तो म्हणाला, बसवतं सगळ्यांच्याच्याने.

रविवारी सकाळी दहाला त्याने मॅडमना फोन केला. मॅडम त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, विभागाच्या प्रमुख अभियंता, कमी बोलणाऱ्या. फोन उजव्या कानाला लावून, खिडकीकडे तोंड करून त्याने सांगितलं की शुक्रवारची फुली धरू नका. कारण विचारल्यावर कारण सांगितलं. ते दोन वाक्यांत संपलं. त्याने रात्रभर त्याची वीस-पंचवीस वाक्यं केली होती. पलीकडे शांतता होती, आणि ती शांतता खरी आहे की मॅडम हळू काही बोलताहेत आणि आपल्याला येत नाहीये, असं वाटून त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

"दोन खड्डे कोरडे गेले तेव्हा मी वर काय कळवलं, माहितीये तुम्हाला?" मॅडम म्हणाल्या. "आपला माणूस चुकत नाही, नकाशे चुकलेत. नळ तिथून गेलेलाच नाही. हे मी लिहून दिलंय. नकाशा विभागाने शाळेमागची लाइन दीड मीटर सरकवून काढली सुद्धा."

तो म्हणाला, नळ तिथेच होता, आपण सगळ्यांनी बघितला.

"बघितला," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही ऐकलं होतं ना."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात होतं. दुसरा ऐकणारा उत्तर विभागात आहे, तो बुधवारपर्यंत येऊ शकत नाही. दाब कालच्यापेक्षा आणखी घसरलाय. केंद्राच्या तळघरात भिंत ओली दिसतेय असा काल संध्याकाळी निरोप आलाय. रस्त्याखालची माती वाहून जात असेल तर बुधवारपर्यंत थांबणं बरं नाही. पाणी बंद करायचा आदेश निघालाय, माणसं ठरलीत. फुली नाही धरायची तर कुठली जागा धरू, तुम्ही सांगा. सांगता आलं असतं तर त्याने फोनच केला नसता. मॅडम म्हणाल्या की तुम्ही जे बोललात ते लेखी आणा, आणि सातला जागेवर या.

त्याने एक पान लिहिलं. खात्यात लिहायची वाक्यं त्याला येत होती. अर्जदार, सदर, विनंती. ती घातली, मग खोडली, आणि साधं लिहिलं की शाळा आणि धोबीखाना इथे मी चुकलो, नकाशे बरोबर आहेत, आणि शुक्रवारच्या फुलीबद्दल मला खात्री नाही. संध्याकाळी सासूबाई खेळत होत्या तेव्हा मुलीचा फोन आला. वायर कशी आहे, असं तिने विचारलं. चित्र फार छान आलं, त्याने सांगितलं, आजीला तळ्यावर माणूस सापडला. आणि आवाज? ती म्हणाली. आवाज वायरीचा नव्हता, तो म्हणाला. मग कशाचा, हे सांगायला त्याला पाच मिनिटं लागली.

सोमवारी तो सहालाच गेला. रस्ता मोकळा होता. त्याने सळई फुलीवर टेकवली, आणि वाटी उजव्या कानाला लावली. पेन्सिल डाव्या हातात आली आणि तिथे ती परक्यासारखी राहिली. मान कुठे वाकवायची ते मानेला माहीत नव्हतं. उजवीकडून काहीतरी येत होतं. फार खाली, फार बारीक. डावीकडचा सूं त्याच्यावर पसरलेला होता, आणि दोन्हींच्या मधे नेमकी भिंत कुठे आहे ते त्याला काढता येईना. तो दोन पावलं सरकला. फरक पडला असं वाटलं. परत आला. मग वाटलं नाही. अडखळतंय का? एकदा अडखळल्यासारखं झालं. त्याच क्षणी कोपऱ्यावर दूधवाल्याची गाडी वळली होती. सातला पाच कमी असताना टोळी आली. टोळीचा नाईक त्याच्याकडे, मग सळईकडे, मग पुन्हा त्याच्याकडे बघून म्हणाला, "आज दुसरा कान, कानसाहेब? पहिला रजेवर गेला का?" त्याने हो म्हटलं. नाईक हसायला निघाला होता, थांबला. मॅडम आल्या. त्याने पान दिलं. त्यांनी ते तिथेच उभं राहून पूर्ण वाचलं, घडी केली, फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाल्या की शाळेची लाइन आजच परत जागेवर काढायला सांगते. मागच्या चौकात पाणी बंद केल्याचा निरोप आल्यावर त्याने सळई पुन्हा टेकवली, पण खालचं बारीक थांबलं की सूंखाली बुडालं ते त्याला सांगता येईना; मॅडमनी नाईकाला हात केला.

केंद्राच्या दारात दोन रुग्ण उभे होते, वेळ बदलल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं. त्यांतल्या एका बाईने त्याला विचारलं की किती वेळ लागेल. ती डावीकडून बोलत होती, तिचं बोलणं त्याला ओठांवरून कळलं, आणि तो वळून उजव्या बाजूने उभा राहिला. नळ पाच फुटांवर आहे, त्याने सांगितलं, पण तिथे गळती असेलच असं नाही. मग कशाला खोदताय, ती म्हणाली. त्याने तिला खरं सांगितलं. की मला आवाज आला होता, आणि तो खालचा होता की माझाच, हे मला माहीत नाही. मग तिने पर्स दुसऱ्या हातात घेतली आणि पायरीवर बसली.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी, तीन फुटांवर, मातीचा रंग बदलला. नाईकाने मूठभर वर फेकली. ती ओलसर होती, चिखल नव्हती. केंद्राच्या मागच्या बाजूने रोज फरशी धुतलेलं पाणी याच उताराने येतं, असं टोळीतला एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, ते इतकं खोल नाही जात. मॅडम खड्ड्याच्या कडेला उकिडव्या बसल्या. बायकोचा फोन येऊन गेला, अकराच्या वेळेची आठवण करायला, आणि त्याने येतो म्हणून सांगितलं. नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत खड्डा सव्वाचार फूट झाला होता. माती ओलसरच होती. नळ अजून पाऊण फूट खाली होता.